सूनबाईच्या पिस्तुलाचा ट्रिगर

१२ डिसें.
परवा रेवतीची, म्हणजे आमच्या सूनबाईची, नेमबाजीची मॅच. ती हॉलमध्ये रिकाम्या पिस्तुलावर सराव करत होती. मी पेपरात, कान तिकडे. ट्रिगर आधी मोकळा जातो, मग अडतो, सुटण्याआधी बारीक खर्र. हडपसरच्या माझ्या वर्कशॉपात असा आवाज आला की मी मशीन थांबवतो.
म्हटलं, "चाप अडखळतोय तुझा."
"चाप नाही बाबा, माझं बोट घाई करतं. क्लबचे सर म्हणतात, कधी सुटला ते आपल्यालाच कळता कामा नये."
"सर म्हणणारच. पिस्तुलाची देखभाल त्यांचीच."
हसली.

१३ डिसें.
पिस्तुलाची मॅचआधीची अधिकृत तपासणी सकाळीच झाली. नंतर सरांनी साफ करून दिलं. दुपारी ती झोपलेली. कपाटाची किल्ली कुठे असते ते ठाऊक. एका लेथवर धंदा उभा केलेला माणूस मी, स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. चेंबर रिकामं, दोनदा पाहिलं. ट्रिगरचा स्क्रू जरासा सैल केला. आता कसा अलगद सुटतो! सांगणार नाही. मॅचमध्ये आपोआप...

१४ डिसें.
आजवरचा तिचा सर्वांत चांगला स्कोअर. गॅलरीत मी शेजारच्याला म्हणालो, "आमची सून."
मग अचानक तपासणी. ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात, ट्रिगरने ते पेलायला हवं. टक्. पुन्हा. टक्. गॅलरीपर्यंत ऐकू आलं मला. ट्रिगर नियमापेक्षा हलका. स्कोअर रद्द.
जेवताना ती म्हणाली, "तपासणीनंतर फक्त सरांचाच हात लागला होता."
मी म्हणालो, "होतं असं."
होतं असं! मी म्हणालो हे. वर भातही मागून घेतला.

१५ डिसें.
ती क्लब सोडणार, सरांविरुद्ध लेखी तक्रारही देणार. सौ. म्हणते, "अहो, तुम्हीही तिच्यासोबत जा. तुमच्या गोड बोलण्याने माणसं ऐकतात." मान वर करवेना. सकाळपासून दोनदा रेवतीच्या दाराशी गेलो. एकदा चहा हवाय का विचारलं, एकदा तेही नाही.

१६ डिसें.
शूटिंग रेंजबाहेर गाडीत बसून लिहितोय. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही थांबा. उगाच तुम्हाला मनस्ताप." आत गेली. खिडकीतून सर दिसतायत, पिस्तूल उलटंसुलटं करून बघतायत. त्यांचा आवाज येतोय, "बेटा, स्क्रूला मी तर हात... बरं, माझ्याकडूनच राहिलं असेल."
माझी चूक तो माणूस स्वतःच्या अंगावर घेतोय.
दार उघडलंय गाडीचं. एक पाय खाली आहे.