खुंटीवरचा कोट

पार्सिपनी, मंगळवार

प्रिय नेत्रा,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळतेस आणि मीही गुंडाळून घेते. म्हणून हे कागदावर. निदान मध्येच तोडता येणार नाही तुला.

पुण्यातला आपला संध्याकाळचा रशियनचा वर्ग आठवतो? नोकरी लागेल म्हणून तू आलीस, तू आलीस म्हणून मी आले. पुढे दोघीही कॉम्प्युटरमध्येच गेलो, आणि आज इथे अमेरिकेतल्या आपल्या अख्ख्या मराठी मंडळात रशियन वाचणाऱ्या आपण दोघीच आहोत. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तीन वर्षांचे शनिवार-रविवार घालवून मी ती रशियन कादंबरी मराठीत आणली. गावातली सात माणसं सार्वजनिक न्हाणीघरात वाफ घेत, पंचे गुंडाळून बसतात आणि गुपचूप सगळं ठरवतात. महापौर कोण, लग्नात व्हायोलिन कोण वाजवणार, कोणाच्या दारचा बर्फ आधी काढायचा. त्यांचा प्रमुख म्हणजे खुंटीवरचा एक कोट. कोटाचा मालक केव्हाच मेलाय, पण विचारायची कोणाची टाप नाही. मी एकटीच खो-खो हसत बसायचे, आणि नवरा किचनमधून विचारायचा, रशियन लोक एवढे विनोदी असतात?

दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्यातलं सातवं प्रकरण वाचणार होते. मजकूर आधी कमिटीला पाठवला, आणि मंडळाच्या मनोहरकाकांचा फोन आला. "खुंटीवरचा कोट म्हणजे मीच ना?" अगं, मला तोवर सुचलंही नव्हतं. काका प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर जाकीट टाकून जातात, आणि ते स्वतः तासभर बटाटेवड्यांपाशी असले तरी तिथे कोणी बसत नाही. मी परोपरीने सांगितलं, काका, तुम्ही अमेरिकेत आलात त्याआधीचं पुस्तक आहे हे. त्यांचं एकच, मूळ पुस्तकात असं काही नाही, तू घुसडलंस. दोन दिवसांनी निरोप आला, वेळेअभावी वाचन कॅन्सल. कोणी ठरवलं विचारलं, तर कमिटीतल्या प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. सातव्या प्रकरणात अगदी हेच होतं.

वाचन गेलं तर गेलं. पण साठीला आलेल्या मला खोटारडी ठरवलं, ते मी गिळणार नाही.

आणि गुरुवारी तुझा मेसेज आला. 'काका, मूळ रशियन मी पाहिलं. सगळं तसंच आहे. पण वाचन नकोच, तिला मी समजावते.' काकांना जायचा तो माझ्याकडे आला. मिनिटभरात डिलीट केलास, पण माझा वाचून झाला होता. खूप रडले, नेत्रा. आता रडून झालंय.

येत्या शनिवारी तीन वाजता लायब्ररीतली खोली मी बुक केली आहे. सातवं प्रकरण वाचणार, एक शब्द न गाळता. सोबत मूळ पानांच्या झेरॉक्स आहेत. त्या घेऊन माझ्या शेजारी बस आणि मी काहीही घुसडलेलं नाही, एवढंच सगळ्यांसमोर सांग. तुझ्या खुर्चीवर माझी ओढणी टाकून ठेवते. तू आली नाहीस तर ती तिथेच राहील, आणि खुर्ची कोणाची, हे वाचन सुरू करण्याआधी मी नाव घेऊन सांगेन.

न घाबरलेली, आणि अजून तरी तुझीच,
रत्ना