वामनरावांच्या मनगटावरची झोप

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
१० मे १९४८

तीर्थस्वरूप मामांस,

दिगंबरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा भुसावळच्या उन्हाने तरी वठणीवर आला असेल, मामींचा दमा बसला असेल आणि वामनरावांचं पत्र अजून पोचलं नसेल, अशी आशा आहे. (पोचलं असल्यास आधी हे वाचा.)

तुम्ही प्रेमाने आपल्या बालमित्राची, वामनरावांची मुलगी सुनंदा सुचवलीत आणि मी काल सिंधीपुऱ्यात तिला पाहायला जाऊन तुमचं नाक कापून आलो, असं आई म्हणते. मला लग्नाची मुळीच घाई नाही. पण घडलं ते सरळ माझ्याकडून कळावं.

आम्ही डाकोटा विमानातून जखमी जवान श्रीनगरहून दिल्लीला आणतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इंजिनांच्या आवाजात माणूस कण्हला तरी ऐकू येत नाही, स्टेथोस्कोप तर गळ्यात शोभेला. म्हणून आम्ही ऑर्डर्लींनी मनगट धरून बसायचं. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या की डोळा लागतोच. मग नाडीवर बोटं ठेवूनच झोपायचं. ठोका चुकला की आपोआप जाग येते. (साहेबांना हे माहीत नाही. साहेब समोरच्या मनगटावर झोपलेले असतात.) एकदाच मी मनगट न धरता झोपलो. दिल्लीला उतरलो तेव्हा तो पोरगा गेलेला होता. तो वाचणारा नव्हताच, असं डॉक्टर म्हणाले. पण मला अजून फार वाईट वाटतं. तेव्हापासून हाताशी मनगट नसलं तर मला झोप नाही. रजेवर आल्यापासून आठ दिवस टक्क जागा आहे.

अशा अवस्थेत वामनरावांनी मला गादीवर शेजारी बसवलं, गोड दराबा खायला घातला आणि कुठलं संस्थान कसं विलीन झालं ते नावानिशी सांगायला घेतलं. (मास्तर आहेत, घंटा झाल्याशिवाय थांबत नाहीत.) एकट्या काठियावाडात दोनशेच्या वर संस्थानं! त्यांचा हात माझ्या मांडीवर. तिसाव्या संस्थानाच्या सुमारास माझी बोटं त्यांच्या मनगटावर गेली आणि मी गेलो. पुढचं आमच्या उषाकडून कळलं. आधी सगळ्यांना वाटलं, मुलगा मोठा लाघवी आहे. मग मी घोरू लागलो. वामनरावांनी हात ओढला, तर मी झोपेतच त्यांना आडवं केलं, त्यांच्याच उपरण्याने पोटावरून पट्टा आवळला आणि "हलू नका, उतरतोय" म्हणून दम दिला. "अरे, हात तं सोड भो! कोई तो उठाओ इसको!" असं ते ओरडत होते म्हणे. आई मला गदागदा हलवत होती. पण डाकोटात झोपणाऱ्याला हलण्याचं काय कौतुक? मध्ये तीनदा मी दचकून उठलो, त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि परत झोपलो. याचा त्यांना विशेष राग आहे. सुनंदाने पोहे तीनदा गरम केले. दीड तासाने मी उठलो तेव्हा वामनरावही पट्ट्याखाली घोरत होते, पण ते कबूल करत नाहीत.

आज सकाळी निरोप आला, बसल्या बैठकीत झोपणाऱ्याला मुलगी देणे नाही. ठीक आहे. शुक्रवारी मी कामावर निघतो. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
दिगंबर

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तीनदा दचकलो ते उगाच नव्हे. वामनरावांचा मध्येच एक ठोका गळतो, मग दोन घाईघाईने येतात. माझी झोप खोटं बोलत नाही. मी सांगायला गेलो तर सूड घेतोय म्हणतील. ते फक्त तुमचं ऐकतात. पत्र मिळताच पहिल्या गाडीने या आणि त्यांना खंडव्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्या. माझं नाव मात्र घेऊ नका. उपकाराच्या ओझ्याने मुलगी मिळवणारा मी नव्हे.

आणखी ता. क. उषा हे पत्र टपालात टाकायला गेली होती, ती ते घेऊनच परत आली. (गेली ती वाचूनच. तिला ती खोड आहे.) वाटेत सुनंदा भेटली, उषाने तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी रडली. मग म्हणाली, "बाबा माझं ऐकत नाहीत, भुसावळच्या काकांना लवकर बोलवा. अन् तुझ्या भावाला सांग, पोहे मी चौथ्यांदाबी गरम करीन." तेव्हा मामा, लगेच याच. आणि नाव माझंच घ्या. पूर्ण घ्या, वडिलांच्या नावासकट.