सरांची डावी बाजू

रविवार, ११ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तर आज लिहायला बसलोय. घरी सगळे बरे आहेत. हिची पाठ आता दुखत नाही, शिवणकाम पुन्हा सुरू केलंय. मीही ठीक. व्हॅनच्या रोज दोन फेऱ्या होतात. मागच्या आठवड्यात डावा आरसा फाटकाला घासून फुटला, तेवढंच. नवा बसवला.

मुलींचा संघ अजून चालवतोस का, असं विचारलं होतंस. चालवतो. दहा वर्षांखालच्या बारा जणी आहेत, त्यातल्या नऊ जणी माझ्याच व्हॅनमधून मैदानावर येतात. यंदापासून त्यांच्या वयोगटाला ऑफसाइडचा नियम लागू झालाय, त्यामुळे महिनाभर मी दुसरं काही शिकवतच नाही.

तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी सांगतो. आपल्या मुलीने चेंडू पुढे मारला, त्या क्षणी जिला तो मिळणार ती समोरच्यांच्या शेवटच्या बचाववालीच्याही पुढे असली, म्हणजे तिच्यापुढे नुसती गोलकीपरच उरली असली, तर ऑफसाइड. चेंडू मारल्यानंतर पळत पुढे गेली तर चालतं. आधीच जाऊन उभी राहिली तर नाही.

मुलींना हे अन्यायाचं वाटतं. एक आहे, तिला सगळ्या जणी वकील म्हणतात. कंबरेवर हात ठेवून मला म्हणाली, "सर, म्हणजे मी सगळ्यांपेक्षा जोरात पळाले म्हणून मलाच शिक्षा?"

"पळाल्याची नाही गं. वेळेआधी पोचल्याची."

"शाळेत वेळेआधी पोचलं की शाबासकी देतात."

शेवटी हिची कपडे वाळत घालायची दोरी नेली. दोन मुलींनी मैदानाच्या दोन कडांना टोकं धरायची आणि बचाववाली सरकेल तशी दोरी सरकवायची. एक जण पाय अडकून पडली, दोघी भांडल्या, पण तिसऱ्या दिवशी दोरी काढली तरी त्यांना रेषा दिसायला लागली.

मी कडेला झेंडा घेऊन उभा राहतो. चेंडू एकीकडून सुटतो, मुलगी दुसरीकडे पळते, आणि दोन्ही एकाच वेळी बघायचं असतं. हल्ली जरा थकवा आहे, एखादी सुटते नजरेतून. वकील व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसते आणि डावीकडून कोण येतंय ते सांगत राहते. आमचा खेळच झालाय तो.

डोळे तपासून घे म्हणून लिहिलं आहेस. सामने संपले की बघतो.

कळावे.

तुझा भाऊ


गुरुवार, १५ ऑक्टोबर

ताई,

वरचं पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पेटीत टाकलं नाही. फाडणार होतो. मग वाटलं, तेही जाऊ दे तुझ्याकडे. मी कसा लिहितो ते तुला कळू दे.

आरसा फाटकाला घासला नव्हता. एक म्हातारा सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेने चालला होता, आरसा त्याच्या कोपराला लागून भिंतीवर आपटला. माणूस पडला नाही. "दिसत नाही का?" म्हणाला. मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन माझ्या पाठीमागे होतं. ताई, मला तो दिसलाच नव्हता. व्हॅन तेव्हा रिकामी होती, हे मी स्वतःला दिवसभर बजावत राहिलो. घरी येऊन हिला फाटकाचं सांगितलं. आणि पुढच्या फेरीपासून वकिलाला शेजारी बसवायला लागलो.

परवा मंगळवारी सरावात डाव्या अंगाने चार गोल झाले, चारही मी ग्राह्य धरले. मुली हसत होत्या. मला वाटलं, आनंदाने हसताहेत. परत येताना व्हॅनमध्ये मागून एकीचा आवाज आला, "तू ना, सरांच्या डाव्या बाजूने पळत जा. तिकडचं ऑफसाइड सरांना दिसतच नाही."

"काहीतरीच."

"अगं खरंच. आम्ही तीनदा करून बघितलं. वकिलानेच शोधून काढलं ते."

रस्त्यात शाळा सुटलेली. डावीकडे पोरं चालत होती की नव्हती, मला सांगता येत नव्हतं. मान वळवली की दिसायचं, पुन्हा समोर बघितलं की सगळं पुसून जायचं. बैलगाडीच्या वेगाने एका बंद दुकानापर्यंत नेली, कडेला लावली आणि चावी काढली.

"सर, पेट्रोल संपलं?"

"नाही. मला डावीकडचं दिसत नाही. तुम्ही बरोबर ओळखलंत."

शेजारी वकील रडायला लागली. "मी गंमत केली सर. ते सगळे गोल रद्द करा ना."

"गोल राहू देत. तू मला रोज खरं तेच सांगत होतीस. खेळ आहे असं मीच तुला खोटं सांगितलं."

तिची आई टपालखात्याची गाडी चालवतात. त्यांना फोन केला. वीस मिनिटांत आल्या, खाकी गणवेशातच. व्हॅन त्यांनी चालवली, मी मागे मुलींच्या बॅगा मांडीवर घेऊन बसलो. बाईंनी शेवटची मुलगी तिच्या दारात उतरवली. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, माझी मुलगी किती दिवस पुढे बसत होती?"

"आठ दिवस."

"ही चावी मी तुमच्या हातात देणार नाही. तुमच्या घरी देते."

दिली. हिने सगळं ऐकून घेतलं, मशीनवरून हात काढला आणि म्हणाली, "फाटक मी रोज पुसते. त्यावर ओरखडा नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते."

आता ते, जे मी सहा वर्षं लिहिलं नाही. बाबांचं लायसन्स तू कार्यालयात जाऊन रद्द करायला लावलंस, तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालो की तू त्यांना जिवंतपणी मारलंस. त्यानंतर तुझ्या घरी पाय ठेवला नाही. पण त्याच्या आधी वर्षभर मी त्यांच्या ट्रकमध्ये डावीकडे बसत होतो. "बाबा, माणूस आहे." "बाबा, सायकल." ते नुसती मान हलवायचे, गाडी उजवीकडे घ्यायचे, आणि आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मला तुझ्या आधी माहीत होतं, ताई. मी बाबांना सांभाळतोय असं समजत होतो. तू एकटी वाईट ठरलीस आणि मी तुला ठरू दिलं.

आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो. एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मध्ये इतका वेळ काहीच चमकलं नाही की मी तिथल्या बाईंना विचारलं, यंत्र बंद पडलं का. त्या म्हणाल्या, "चालू आहे. तुम्ही फक्त समोर बघा." काचबिंदूच आहे. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी टिकेल. "बहुतेक," असंही डॉक्टर म्हणाल्या. व्हॅनसाठी ड्रायव्हर शोधतोय. शनिवारच्या सामन्याला झेंडा वकिलाची आई धरणार आहेत. संघ माझ्याकडे ठेवायचा की नाही, ते सगळ्या पालकांना विचारून ठरवायचं, असं त्या म्हणाल्या. त्यांचं चूक नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला? मी म्हटलं, वडिलांना होता. "भावंडं?" एक मोठी बहीण. "त्यांचे डोळे कधी तपासले?"

तू प्रत्येक पत्रात मला तपासायला सांगतेस. तू स्वतः गेली होतीस का, हे मी एकदाही विचारलं नाही. घरी येऊन तुझं मागचं पत्र पुन्हा काढलं. दोन ठिकाणी ओळीवर ओळ चढलीय, आणि डावीकडचे शब्द समास सोडून कागदाच्या कडेवर गेलेत. तेव्हा मी ती तुझी घाई समजलो होतो. तुझं अक्षर असं कधीच नव्हतं. वर्गात तुझी वही सगळ्यांना दाखवायचे.

माझा अंदाज चुकीचा ठरला तर फार बरं होईल. पत्राने कळवू नकोस. सामना झाला की रविवारी सकाळच्या बसने मी येतोय. सोमवारी आपण दोघं जाऊ, मी बाहेर बाकावर बसेन. दारात उभं करून परत पाठवलंस तरी जाणार नाही.

तोवर रस्ता एकटीने ओलांडू नकोस.

तुझा धाकटा