तिसऱ्या वेळचा हात

निगडी, १४ डिसेंबर २०२५

प्रिय अक्का,

सा. नमस्कार. थंडी वाढली आहे. तुझी साखर आणि गुडघे कसे आहेत? तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

एक कोडे तूही पाहिले असशील. आईचे वजन ब्याऐंशी किलो, तरी पाटावरून उठताना तिला भिंत लागायची. एवढे शरीर, मग ताकद कुठे जाते? मी काम करते त्या संशोधनाच्या अभ्यासात अशाच साठीपुढच्या, वजनदार, मधुमेही बायका होत्या; आईलाही मीच त्यात घेतले होते. डाळीतली, अंड्यातली प्रथिने पचली की त्यांची अमिनो आम्ले होतात. त्यांतून स्नायू बांधले जातात. आणि गंमत बघ, या बायकांच्या रक्तात त्यांतली काही कमी नव्हे, जास्तच सापडतात! दारात विटांचा ढीग पडला आहे, पण गवंडी कामाला लागत नाही, असे समज. स्नायू झिजतो आणि वरच्या चरबीमुळे ती झीज दिसत नाही. आईच्या रक्ताचा अहवाल असाच चढा आला, तेव्हा मला आनंद झाला होता. माझा अंदाज खरा ठरत होता.

ताकदीची चाचणी मीच घेतली. हातांची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे. तिसऱ्या वेळी आई अर्ध्यात अडकली.

"हात दे की गं! परीक्षा तुजी हाय का माजी?"

सगळ्या बायका हसल्या. मी हात दिला. तक्त्यात लिहिले: पाच.

खरे लिहिले असते, तर नियमाप्रमाणे त्याच आठवड्यात तिचे व्यायामोपचार सुरू झाले असते. तिला एकटी ठेवू नकोस, असे मी तुला बजावले असते. सात आठवड्यांनी तू कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पहिल्या शिफ्टला गेलीस आणि आई न्हाणीत उठता उठता पडली.

तेराव्याला चिमाजीमामा सगळ्यांदेखत म्हणाले, "आईपरीस शिफ्ट मोठी झाली व्हय तुला?" तू माझ्याकडे पाहिलेस. मी खाली बघून ताटे उचलत राहिले.

मामांना काल सारे सांगितले. तुझ्याकडे क्षमा मागण्याचे धाडस नाही, एकच मागते. तुझी चण आईचीच आहे. उद्या सकाळी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बस. हात छातीशी. पूर्ण उभी राहा, पुन्हा बस, असे पाच वेळा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले किंवा मध्येच अडकलीस, तर आहे तसे कळव. तुझ्या लेकाला, समाधानला, शेजारी उभा कर. त्याला सांग, आई पडू लागल्याखेरीज हात द्यायचा नाही, कितीही वाटले तरी.

तुझी,
ज्या हाताने 'पाच' लिहिले, त्याच हाताने हे लिहिणारी
विजयश्री