पडद्याची मोटर

मंगळवार, दुपार

प्रिय दादास,

इकडे सगळं ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे.

नवी गोष्ट म्हणजे बाबांच्या खोलीतला पडदा आता मोटरवर चालतो. मोटर तुझ्या पेटीतली घेतली, रागावू नकोस. बाबांचा उजवा हात आणि वाचा गेल्यापासून पडद्यासाठीसुद्धा त्यांना आईच्या तोंडाकडे बघत बसावं लागायचं. जन्मभर जळालेल्या मोटरींत नवी तार भरून दिलेल्या माणसाला ते सोसेना. म्हणून डाव्या हाताशी खटका दिला. वर केला की पडदा उघडतो, खाली केला की मिटतो, मध्ये ठेवला की थांबतो. शेजारी वेगासाठी फिरवायचं बटण.

पहिल्या दिवशी तारा उलट जोडल्या गेल्या. बाबा उघडायला गेले तर पडदा मिटला! आई म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि उजवं-डावं कळेना होय गं?" बाबा अर्ध्या तोंडाने हसले, आजारानंतर पहिल्यांदाच. मी दोन तारांची अदलाबदल केली, झालं.

मग एक लक्षात आलं. पूर्वी तू दुकानातून परतायचास ती वेळ झाली की बाबा पडदा भर्रकन उघडतात आणि रस्ता बघत राहतात. अंधारल्यावर मिटतात, पण वेगाचं बटण अगदी कमीवर नेऊन. इतक्या कमी विजेवर मोटर नुसती गुणगुणायची, जागची हलायची नाही. जळेल अशी मला भीती. म्हणून नवं सर्किट केलं. त्यात वीज पूर्णच मिळते, पण क्षणात चालू, क्षणात बंद, अशी तुकड्या-तुकड्याने. पडदा मुंगीच्या पावलांनी मिटायला लागला. बाबांनी माझं मनगट थोपटलं.

तू राबलास ते दुकान विकून त्यांनी मला शिकवलं, हे तुला खुपतं, म्हणून तर घर सोडलंस. खुपणारच. मला वाटायचं, शिकले की घरातलं मोडलेलं सगळं जोडीन. जमलं ते एवढंच.

दादा, वर 'ठीक आहे' लिहिलं ते खरं नाही. शनिवारपासून बाबांचं बोट खटक्यावर नुसतं पडून आहे. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. डोळे मात्र खिडकीकडेच असतात. त्यांनी शेवटचा उघडलेला पडदा तसाच आहे. काल अंधारल्यावर आई पडद्यापाशी गेली. मी म्हटलं, "राहू दे गं."

"मी कुठे मिटतेय?" ती म्हणाली. "धूळ झटकतेय."

उशीर झाला की तू मागच्या दाराने गुपचूप आत यायचास. या वेळी तसा येऊ नकोस. पुढच्या रस्त्याने ये, खिडकीतून दिसशील असा. आणि उजेड असताना ये.

वाट बघणाऱ्या तिघांतली,
तुझी इंजिनेरबाई