उलटी थांबली, मान वळली

तीर्थरूप ताई,

दवाखान्याच्या बाकावर बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? साडूभाऊंचा खोकला गेला का? (उत्तराची घाई नाही. हे विचारल्याशिवाय पुढचं लिहायला हात धजेना, म्हणून विचारलं.) पत्र छापखान्यातल्या खराब कागदावर आहे, कारण खिशात तेवढाच होता. मागच्या बाजूला नायट्याच्या मलमाची माहिती छापलेली आहे. ती तुम्हाला उद्देशून नाही.

तुमची धाकटी बहीण समोरच्या दाराआड आहे. मान डावीकडे खेचलेली, बुबुळं वर चढलेली, जबडा आवळलेला. डॉक्टरीणबाईंनी आत्ताच एक इंजेक्शन दिलं आणि मला बाहेर काढलं. "दहा-वीस मिनिटांत मान सरळ व्हायला हवी," म्हणाल्या. व्हायला हवी म्हणाल्या, होईल म्हणाल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झालीत. नुसता बसून राहिलो तर दार ढकलून आत घुसेन, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

झालं असं, की सकाळपासून तिला उलट्या होत होत्या. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी मळमळीच्या गोळ्या लिहून दिल्या. दिवसातून तीन, जेवणाआधी अर्धा तास. इथवर सगळं सरळ होतं. घरी येऊन मी खोकं उघडलं. आत माहितीपत्रक होतं, आमच्याच छापखान्यातलं. तुम्हाला ठाऊकच आहे, पत्रकांना घड्या घालायचं यंत्र गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मी ते पत्रक उजेडात धरलं, कोपऱ्याला कोपरा जुळलाय का ते पाहिलं (जुळला होता, आठही घड्या काटेकोर), समाधानानं मान हलवली आणि पत्रक परत खोक्यात सारलं. वाचलं नाही. ताई, मिठाईच्या दुकानातला माणूस जसा मिठाई खात नाही, तसा मी छापलेलं वाचत नाही.

साडेआठला पहिली गोळी दिली. पाच मिनिटांत उलटी. गोळी वाया गेली असं म्हणून मी दुसरी दिली. पुन्हा उलटी. मग तिसरी. ती नको नको म्हणत होती, पण मी म्हणालो, पोटात टिकेल तीच खरी, बाहेर पडली ती मोजायचीच नाही. (हा हिशेब मी स्वतः काढला, त्यात कुणाचाही हात नाही.) दहाला उलट्या थांबल्या. मी मोठ्या ऐटीत रजेची चिठ्ठी पाठवली आणि पेज टाकायला स्वयंपाकघरात गेलो.

दुपारी ती उगाचच अस्वस्थ झाली. उठे, बसे, खिडकीशी जाई, परत येई. मग पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून राहिली. आता तुम्ही तिची थोरली बहीण, लहानपणापासून तिला पाहिलेलं. ती रुसली की काय करते? भिंतीकडे तोंड. मी हाक मारली, उत्तर नाही. पेज पुढे केली, मान वळेना. माझ्या मनात आलं, हिला काहीतरी कळलेलं दिसतंय. आणि काय कळलंय ते माहीत नसल्यामुळे मी एकेक कबूल करत सुटलो. खिडकीतलं तिचं रोपटं उन्हानं करपलं नव्हतं, मी त्यात यंत्र पुसायचं तेल सांडलं होतं. मान वळेना. तिनं विणलेला स्वेटर हरवलेला नाही, टोचतो म्हणून कामावरच्या कपाटात ठेवलाय. तरी वळेना. तेव्हा मला खरोखर घाम फुटला आणि मी ते सांगून टाकलं.

ताई, तुम्ही आठ महिन्यांपूर्वी तिला पत्र पाठवलं होतं. शिवणवर्ग वाढलाय, कापड बेतायला तुझ्यासारखा हात हवा, सहा महिने तरी ये. ते पत्र मी तिला दिलंच नाही. ती तिकडे रमेल आणि परत येणार नाही, अशी भीती वाटली. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही तिकडे अबोला धरलात, तुम्ही विचारत नाही म्हणून तिनं इकडे धरला, आणि मी मधे बसून दोघींची समजूत काढत होतो. याला क्षमा नाही हे मला कळतं.

हे ऐकून तिनं डोळे छताकडे लावले. मला वाटलं, देवाला साक्षीला बोलावतेय. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळली आणि तिनं माझं मनगट असं गच्च धरलं, की अजून वळ आहे. ती रुसलेली नव्हती हो. तिला मान वळवताच येत नव्हती, तोंड उघडताच येत नव्हतं, आणि अर्धा तास ती माझी बडबड ऐकत मदतीची वाट बघत होती. तिला पाठीवर घेऊन तीन जिने उतरलो. गाडीत मी तिचं नाव घेऊन ओरडत होतो असं गाडीवाला म्हणतो. मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी खोकं मागितलं. पत्रक उलगडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी सहा तासांचं अंतर ठेवा. उलटी झाली तरी गोळी पुन्हा देऊ नका. त्याखालीच, मान, जबडा किंवा डोळे आखडले तर ताबडतोब दवाखाना गाठा, तरुण वयात हे जास्त होतं.

"हे वाचलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "छापलं होतं."

त्यांनी पत्रकाची घडी घालून ते माझ्या हातात ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता चार वाजून सव्वीस मिनिटं झालीत. वीस होऊन एक वर गेलं. दार बंदच आहे. कागद गुडघ्यावर धरलाय, अक्षराला हसू नका.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. दार उघडलं! सिस्टर म्हणाल्या, मान सरळ झाली, जबडा सुटला. दुखणं पुन्हा उलटू शकतं, म्हणून आजची रात्र इथेच ठेवणार आणि दोन-तीन दिवस वेगळ्या गोळ्या द्यायच्या. हे मळमळीचं औषध तिला पुन्हा कधीही द्यायचं नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी ते सांगायचं. मी नाव मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि तीनदा वाचलं.

ता. क. २. आत गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोलली. जीभ अडखळली नाही, शब्द लख्ख. ताई, मला इतका आनंद झाला, की तिथेच ढसाढसा रडलो. ती काय बोलली ते मला मागाहून कळलं. ती म्हणाली, "ताईचं पत्र कुठं आहे?"

ता. क. ३. हे पत्र मी टपालात टाकणार होतो. माझ्या हाती पत्र द्यायचं नाही, असा आता घरात नियम झालाय. तिनं हे उशाशी घेऊन सबंध वाचलं, एक चूक सुधारली (जिने चार आहेत). एवढं लिहून झालं की ती ते पिशवीत ठेवणार आहे. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली की ती ते स्वतः घेऊन येते आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती तुमच्यासमोर बसलेली असेल. परत कधी येणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तेवढं तिला विचारा, आणि मला कळवा.