पाड्याचा हिरवा रंग

डहाणू रोड
मार्च २०१९

प्रिय सुदर्शन,

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू घाईत असतोस आणि मीही दोन वाक्यांत ‘जेवलास का’वर येते. म्हणून लिहायला बसले. बाबा बरे आहेत. रेल्वेतून रिटायर झाले तरी स्टेशनवर रोज एक चक्कर असतेच, आणि भेटेल त्याला सांगतात की आमच्या सुदर्शनची वेबसाइट दिल्लीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत गेलीय. काल चिकूवाल्याला सांगत होते. मी मान खाली घालून चिकू निवडत राहिले.

दिवाळीत तू ती वेबसाइट मला दाखवलीस तेव्हा मीच जास्त मिरवले होते. गावाचं नाव टाकायचं, की त्या गावच्या धोक्यांची सरकारने सगळ्यांसाठी खुली ठेवलेली माहिती एका नकाशावर समोर येते. डहाणू टाकलं तर समुद्रावरची वादळं, अच्छाड टाकलं तर हायवेवरचे गॅसचे टँकर, कुठे रसायनांचा कारखाना, कुठे पूर, कुठे भूकंप. जास्त धोका लाल, मधला पिवळा, कमी हिरवा. मला वाटलं, माझ्या मुलाने शहाणपणाचं काही केलं. तू बंगळूरला परत गेलास आणि त्याच सुमाराला इथे तलासरीकडे जमीन हलायला लागली.

तू बातम्या वाचल्या असशील. बातमीत आवाज येत नाही रे. आधी जमिनीच्या पोटात काहीतरी फुटल्यासारखा आवाज होतो, मग पत्रे थरथरतात. आमची शाळा मैदानात तंबूत भरायला लागली. पाड्यावरची माणसं घर सोडून अंगणात प्लास्टिक बांधून झोपायची. थंडी अशी, की सकाळी गोधड्या दवाने ओल्या. सगळे मला विचारायचे, ‘बाई, अजून मोठा येणार काय?’ मी काय सांगणार? मग मला तुझी वेबसाइट आठवली.

शाळेत खिचडी शिजवणारी भिकी तुला आठवते ना? तू लहानपणी माझ्याबरोबर यायचास तेव्हा तुला करपलेली खरवड वेगळी काढून द्यायची, ती. तिची सासू नवशी म्हातारी, छातीत कफ धरलेला. बाहेर झोपून तिचा खोकला थांबेना, ती सारखी घरात जाऊ म्हणायची आणि भिकी तिला धरून ठेवायची. एक दिवस चुलीपाशी भिकी म्हणाली, ‘बाई, तुमच्या पोराच्या त्याच्यात आमचा पाडा बघा ना.’ मी आधी शेजारचं मोठं गाव टाकलं. लाल. मग पाड्याचं नाव टाकलं. हिरवं. मी तिला मोबाइल दाखवला. वर्गात शिकवते तसं समजावूनही सांगितलं, की जिथे जोर जास्त ते गाव लाल, आपला पाडा हिरवा, म्हणजे आपण जरा लांब आहोत. तिने विचारलं, ‘मग सासूला घरात झोपवू?’ मी म्हटलं, ‘झोपव, बाहेर थंडीनेच जाईल ती.’ भिकी हसली. किती दिवसांनी हसली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात धक्का आला तेव्हा दुपारची सुट्टी व्हायची होती. मुलं तंबूत होती, एकालाही खरचटलं नाही. मी देवाचे आभार मानत होते, तेवढ्यात पाड्याकडून हाका ऐकू आल्या. भिकी हातातला डाव टाकून धावली, तिच्यामागून मी. मातीत रचलेल्या विटांची भिंत आत पडली होती आणि नवशी भिंतीकडेच झोपलेली होती. भिकीचा नवरा नुसत्या हातांनी विटा उपसत होता. आम्हीही उपसल्या. म्हातारी गेलेलीच होती.

मी तुला त्याच संध्याकाळी फोन केला. तू म्हणालास, ‘आई, हिरवा म्हणजे सुरक्षित नाही. पाड्यांची वेगळी नोंदच नाही सरकारी माहितीत. जिथे काहीच नोंद नाही तिथे हिरवा दिसतो. खाली लिहिलंय तसं.’ मी शोधलं. अगदी खाली, बारीक अक्षरांत, इंग्रजीत लिहिलंय. मग तू म्हणालास, हे तुला आणि वेबसाइट बनवणाऱ्या तुझ्या मित्रांना आधीपासून माहीत होतं, पण स्पर्धेआधी तो हिरवा काढला तर अर्धा नकाशा कोरा दिसेल. निकाल लागला की बदलू. मी ‘बरं’ म्हटलं. बाबांनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, आवाज नीट येत नव्हता.

सुदर्शन, मला माझी लाज वाटते. मोबाइल मी दाखवला, ‘झोपव’ मी म्हटलं. ती लाज घेऊन मी रोज शाळेत जाते, भिकीच्या हातची खिचडी मुलांना वाढते. पण तुझी लाज वाटायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती कुठे ठेवायची ते मला कळत नाही. आज सकाळीसुद्धा मी पाड्याचं नाव टाकून पाहिलं. हिरवंच आहे.

नवशीचं दिवसकार्य झाल्यावर भिकी कामावर आली. मला काही बोलली नाही, उलट म्हणाली, ‘बाई, पोराला सांगा, त्याचं मशीन बिघडलंय. आमच्या पाड्याचं नीट करून घ्या.’ ते मला सहन होईना. काल मी तिला खरं सांगितलं. मशीन बिघडलेलं नाही, आपल्या पाड्याची माहितीच त्यात नाही, आणि नसली की हिरवं दिसतं. ती खिचडी ढवळत ऐकत होती. मग थांबून विचारलं, ‘तुम्हाला म्हाईत नव्हतं ना, बाई?’ मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. मग म्हणाली, ‘आन् पोराला?’

मला उत्तर माहीत होतं. तिच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, ‘विचारते त्याला.’ तेवढ्यासाठी हे पत्र. मला उत्तर पाठवू नकोस. गाडीत बस, ये, आणि तिच्यासमोर उभा राहून तिला सांग.

तुझीच,
आई